डब्यातला ट्रान्झिस्टर आणि समतुल्य मंडल

एका बंद डब्यात बॅटऱ्या व रोध कसेही जोडलेले आहेत आणि बाहेर अ व ब ही दोनच टोके आली आहेत, अशी कल्पना करा. बाहेरून हा डबा एक बॅटरी आणि तिच्याशी एकसरीत जोडलेला एक रोध यांसारखाच वागतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये हे दाखविले. फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंते थेव्हेनिन यांनी १८८३ मध्ये तेच स्वतंत्रपणे मांडले.

हा रोध काढण्याची नेहमीची रीत सोपी आहे. बॅटरीच्या जागी तार आहे असे मानावे आणि उरलेल्या रोधांचा हिशेब करावा. मात्र डब्यात ट्रान्झिस्टर असेल तर जपून! त्याच्या बेसमधील प्रवाहाच्या ठराविक पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो. दुसऱ्या प्रवाहाच्या तंत्राने चालणाऱ्या अशा स्रोताला अवलंबी स्रोत म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. आकृती तुम्हीच काढा. १२ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक ४ ओहमच्या रोधातून अ ला व ऋण टोक थेट ब ला जोडले आहे. या रोधातील प्रवाह प मानू. अवलंबी स्रोत ब कडून अ कडे २प प्रवाह ढकलतो. अ व ब यांमध्ये आणखी एक ४ ओहमचा रोध आहे.

टोके मोकळी असताना दुसऱ्या रोधातून प + २प = ३प प्रवाह जातो. म्हणून अ-ब विभवांतर ४ × ३प = १२प. आता १२ = ४प + १२प, म्हणजे प = ०.७५ अँपिअर आणि विभवांतर ९ व्होल्ट.

आता अ व ब जाड तारेने जोडले असे माना. (हे कागदावरच, खऱ्या बॅटरीवर नको!) दुसऱ्या रोधातून प्रवाह जाणार नाही. प = १२ ÷ ४ = ३ आणि तारेतून ३प = ९ अँपिअर. म्हणून समतुल्य रोध ९ ÷ ९ = १ ओहम.

बॅटरीबरोबर अवलंबी स्रोतही काढून टाकला असता, तर दोन समांतर रोधांचे उत्तर २ ओहम आले असते. ते चूक ठरते. कारण अ चे विभव घटले की प वाढतो आणि त्याच्या दुप्पट वाढ स्रोत करतो. त्यामुळे आतील रोध कमी भासतो. ट्रान्झिस्टरमध्ये ही पट शंभराच्या घरात असते. म्हणूनच योग्य जोडणीत तो लाऊडस्पीकरला भरपूर प्रवाह पुरवू शकतो.

२प ऐवजी ४प घेऊन गणित करून पाहा. उत्तर : १० व्होल्ट, २/३ ओहम.