हिमालयाच्या यात्रेची शिदोरी : पाठीवर काय असावे?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे अहिल्यानगरहून आष्टीकडे जाणाऱ्या मार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अहिल्यानगर ते आष्टी हा लोहमार्ग सुरू झाला आणि कडा रेल्वेच्या नकाशावर आले. अहिल्यानगर हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील स्थानक असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या तेथून मिळतात. हिमालयातील तीर्थे अशा रीतीने या दुष्काळी टापूच्या जवळ आली आहेत. प्रवास सुलभ झाला. परंतु पर्वताची उंची आणि तेथील हवा यांत मात्र कोणताही बदल झालेला नाही. म्हणूनच केदारनाथ किंवा अमरनाथ यांसारख्या यात्रेस निघताना सोबत काय घ्यावे, याचा विचार शास्त्रीय दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

वारीची सवय आणि पर्वताची वाट

या भागातील माणसास चालण्याचे नावीन्य नाही. पैठणहून पंढरपूरला जाणारी संत एकनाथ महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातूनच जाते. ऊसतोडणीसाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या कुटुंबांना थोडक्या सामानात संसार कसा बांधावा, हे कोणी शिकवावयास नको. परंतु हा अनुभव हिमालयात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. वारीत वळकटी आणि शिधा दिंडीच्या वाहनातून पुढे जातो, वारकऱ्याच्या खांद्यावर केवळ पडशी असते. वाटेवर गावे लागतात, पाणी आणि भाकरी मिळते, आणि सायंकाळी मुक्कामावर आपले सामान हाती येते.

हिमालयातही यात्रेकरू आपले बोचके खेचरावर किंवा पिट्ठूच्या पाठीवर देतो आणि स्वतः मोकळा चालतो. येथेच धोका आहे. पाऊस आला, दरड कोसळली किंवा वाट बंद झाली की सामान एका ठिकाणी आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी राहतो. अशी एक रात्र जिवावर बेतू शकते. म्हणून या यात्रेचा पहिला नियम असा : ज्यावाचून एक रात्र निभावणार नाही, ते सर्व स्वतःच्या पाठीवर असले पाहिजे.

उंचीचे गणित

कडा परिसर समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरही उंच नाही. केदारनाथ ३,५८३ मीटर, तर अमरनाथची गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे. अमरनाथच्या पहलगाम मार्गावर वाटेतील खिंड चार हजार मीटरहूनही उंच आहे. साधारणपणे दर एक हजार मीटर चढाईस तापमान सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे केवळ उंचीमुळेच गाव आणि केदारनाथ यांच्या तापमानात सुमारे वीस अंशांचे अंतर पडते. वारा आणि पाऊस यांचा परिणाम त्याहून निराळा. वैशाखात चाळीस अंशांच्या उन्हातून निघालेल्या माणसास या थंडीची कल्पना घरी बसून येत नाही.

दुसरी बाब हवेची. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर या स्थितीशी जुळवून घेते, परंतु त्यास अवधी लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. गौरीकुंड सुमारे दोन हजार मीटरवर आहे. तेथून केदारनाथपर्यंतची सुमारे सोळाशे मीटरची चढण बहुतेक यात्रेकरू एकाच दिवसात चढतात. शक्य असल्यास ही चढण दोन दिवसांत विभागावी. पाठीवरचा प्रत्येक अनावश्यक किलो या विरळ हवेत दुप्पट जाणवतो. म्हणून दुसरा नियम : ओझे प्रौढ सशक्त माणसाने सात-आठ किलोच्या आत आणि वृद्धाने चार-पाच किलोच्या आत ठेवावे.

दोन दुर्घटनांचा बोध

ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी हिमवर्षाव आणि पाऊस झाला. दोनशेंहून अधिक यात्रेकरू थंडी आणि थकवा यांमुळे मृत्यू पावले. चौकशीसाठी केंद्र शासनाने डॉ. नितीश सेनगुप्ता यांची समिती नेमली. यात्रेकरूंच्या संख्येस मर्यादा आणि त्यांची शारीरिक क्षमता या गोष्टींवर समितीने भर दिला. आज अमरनाथ यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तेरा ते सत्तर वर्षे ही वयोमर्यादा आहे. हिमवृष्टी थांबविणे कोणाच्या हाती नव्हते. पण थंडीने गारठून जाणे हे बऱ्याच अंशी अंगावरील कपड्यांवर आणि ते कोरडे राहण्यावर अवलंबून असते.

जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर असलेला चोराबारी तलाव फुटला. मंदाकिनीच्या पुरात रामबाडा ही वाटेवरील वस्ती नाहीशी झाली आणि हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी अनेकांना डोंगरात उघड्यावर दिवस काढावे लागले. त्यानंतर पायवाट नव्याने बांधण्यात आली, तिचे अंतर वाढले आणि यात्रेकरूंची पूर्वनोंदणी आवश्यक करण्यात आली. दोन्ही प्रसंगांतून एकच बोध निघतो. यात्रेची बांधाबांध चांगल्या दिवसासाठी करावयाची नसते, ती वाईट रात्रीसाठी करावयाची असते.

सामानाचे तीन भाग

सामानाचे प्रारंभीच तीन भाग करावेत. पहिला भाग अंगावरचा, दुसरा पाठपिशवीतील आणि तिसरा पायथ्याच्या मुक्कामी ठेवून जावयाचा. परतीचे कपडे, आप्तेष्टांसाठी घेतलेल्या वस्तू, जादा भांडी हे सर्व तिसऱ्या भागात जाते. खेचरावर दिलेच तर अंथरुणासारखे सामान द्यावे, औषध आणि लोकरी कपडे कदापि देऊ नयेत.

वस्त्रांच्या बाबतीत एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर अधिक उपयोगी. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडविणारा रेनकोट. सुती धोतर, सदरा किंवा पातळ आपल्या उन्हाळ्यात उत्तम. परंतु सुती कापड भिजले की ऊब धरत नाही, उलट शरीराची उष्णता ओढून घेते. लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब टिकवते. आपली घोंगडी या गुणामुळेच शेतकऱ्याची सोबतीण ठरली. मात्र भिजलेल्या घोंगडीचे वजन चढणीवर पेलवत नाही, म्हणून वाटेसाठी हलकी लोकरी शाल बरी. स्त्रियांनी चढणीच्या दिवशी नऊवारी किंवा गोल पातळाऐवजी सलवार वापरणे सोयीचे. चिखलात घोळणारा ओला काठ पायात अडकतो.

कानटोपी, हातमोजे आणि लोकरी पायमोजांचे दोन जोड अवश्य असावेत. कोरड्या कपड्यांचा एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पिशवीच्या तळाशी ठेवावा आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत त्यास हात लावू नये. रात्री अंगावर काही कोरडे असणे हे या यात्रेतील सर्वांत मोठे धन आहे. पादत्राणे खाचदार तळव्याची आणि घोटा सांभाळणारी असावीत. ती निघण्यापूर्वी किमान महिनाभर वापरून पायाच्या वळणी पाडावीत. नवे बूट यात्रेतच काढले तर पायाला फोड हमखास येतात. बर्फावरील प्रखर किरणांपासून डोळ्यांचे रक्षण करण्यास गडद चष्मा लागतो. काठी आणि विजेरी विसरू नयेत.

शिदोरी आणि औषधे

साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजण्यास फार वेळ आणि इंधन लागते. कोरडा शिधा वर वाहून नेणे व्यर्थ आहे. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, सातूचे पीठ, दशम्या हे आपल्या घरातील पदार्थ वजनास हलके आणि शक्तीस पुरेसे आहेत. तहान लागली नाही तरी पाणी थोडे थोडे पीत राहावे. दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी पोटात जाणे इष्ट. मीठ, साखर आणि लिंबू जवळ ठेवावे.

रक्तदाब, मधुमेह, दमा यांची नेहमीची औषधे दोन वेगळ्या ठिकाणी विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी खंड पडत नाही. इन्सुलिन गोठू नये म्हणून ते अंगालगतच्या खिशात असावे. विरळ हवेच्या त्रासासाठी दिली जाणारी असेटाझोलामाइड ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ज्यांना बाधा होते त्यांनी.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही पहिली लक्षणे होत. ती दिसताच वर चढणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, पाऊल लटपटणे किंवा बोलणे असंबद्ध होणे ही फुप्फुस वा मेंदू यांवर परिणाम झाल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी दर्शनाचा आग्रह सोडून रुग्णास तत्काळ खाली आणणे हाच खरा उपाय. बंद तंबूत किंवा खोलीत शेगडी पेटवून निजू नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

ही तयारी एकट्या यात्रेकरूवर सोडून चालणार नाही. केदारनाथची यात्रा एप्रिल-मे ते भाऊबीज या काळात चालते, म्हणून संक्रांतीनंतरच तयारीस लागणे योग्य. ग्रामपंचायतीने इच्छुकांची एकत्र बैठक घेऊन नोंदणीची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची माहिती द्यावी. प्रत्येकाचे नाव, गाव, रक्तगट, आजार आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीची एक प्रत पंचायतीत राहावी आणि दुसरी प्लॅस्टिकमध्ये बांधून यात्रेकरूच्या खिशात असावी. थंडीत मोबाईलची बॅटरी लवकर उतरते, तेव्हा ही कागदाची चिठ्ठीच उपयोगी पडते.

शाळेतील शिक्षकांना हा विषय भूगोल आणि विज्ञान यांच्या पाठास जोडता येईल. एक ओला सुती आणि एक ओला लोकरी तुकडा कोमट पाण्याच्या दोन सारख्या बाटल्यांना गुंडाळून वाऱ्यात ठेवला, तर कोणती बाटली आधी थंड होते हे विद्यार्थी स्वतः पाहू शकतील आणि घरी आजी-आजोबांना सांगू शकतील.

सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. याच तालुक्यातील सावरगावचा मच्छिंद्रनाथ गड आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील मढीचा कानिफनाथांचा गड ही श्रद्धेची स्थाने आहेत. दोन महिने दर आठवड्यास एकदा, यात्रेत नेणार तीच पिशवी पाठीवर आणि तेच बूट पायात घालून, संथ गतीने गड चढावा. चढताना बोलता आले पाहिजे. बोलणे खुंटले तर गती अधिक आहे असे समजावे. ज्या वस्तूचे ओझे गडावर नकोसे वाटते ती हिमालयात नेऊ नये. गडावर ज्याची आठवण झाली ते मात्र पिशवीत अवश्य घालावे.

देवदर्शनाची ओढ माणसास वर नेते. त्यास सुखरूप घरी आणण्याचे काम कोरडा पायमोजा, वेळेवर मिळालेली गोळी आणि परत फिरण्याचा विवेक हे करतात. त्यांची सोय गावातच, निघण्यापूर्वी व्हावयास हवी.