रात्रीचे आच्छादन आणि शरीराचे घड्याळ

नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर वसलेले आहे. तेथे मालट्रकची वर्दळ रात्रभर थांबत नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली, की शेतकऱ्याला मध्यरात्री ओलितासाठी शिवारात जावे लागते. घरात मात्र मुले मोबाइल पाहत जागी असतात. ही दोन्ही जागरणे सारखी आहेत काय?

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नबामध्ये (७८:९-११) झोप विश्रांतीसाठी, रात्र आच्छादन म्हणून आणि दिवस उपजीविकेसाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे. मानवी देहाची घडणही या व्यवस्थेला अनुरूप आहे. मेंदूतील पेशींचा एक लहानसा समूह झोप, भूक आणि शरीराचे तापमान यांच्या वेळा राखतो. त्याचे चक्र २४ तासांहून किंचित मोठे असते. सकाळचा उजेड ते रोज जुळवून देतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, परंतु रात्रीचा तीव्र, विशेषतः निळसर प्रकाश त्याला रोखतो. पेशींमधील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचा धोका अधिक आढळतो.

आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांना इशाच्या नमाजपूर्वी झोपणे आणि नमाजनंतर गप्पा मारत बसणे अप्रिय होते. देहाचाही आपल्यावर हक्क आहे, अशी त्यांची शिकवण आहे. करमणुकीपायी रात्र घालवणारा हा हक्क डावलतो आणि बहुधा फजरलाही मुकतो.

परंतु पोटासाठी जागणाऱ्याला दोष देता येणार नाही. सूरह अर्-रूममध्ये (३०:२३) रात्रीच्या झोपेबरोबर दिवसाच्या झोपेचीही अल्लाहच्या निशाण्यांत गणना केली आहे. म्हणून ओलित करून किंवा ट्रक चालवून पहाटे परतलेल्या माणसाची दिवसाची झोप हा आळस नव्हे. तो त्याच्या देहाचा हक्क आहे आणि तो जपणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे. त्याची खोली अंधारी ठेवावी, टीव्हीचा आवाज कमी करावा, किरकोळ कामासाठी त्याला उठवू नये. आणि ज्यांची रात्र मोकळी आहे, त्यांनी इशानंतर मोबाइल दूर ठेवावा, फजरनंतर उजेडात थोडे चालावे.

देह ही अमानत आहे. अल्लाह आपणा सर्वांना ती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.