अचानक थांबलेले इंजिन : निदानाचा एक पाठ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांच्या मनात मधुमेह किंवा रक्तदाब हे विषय असणार, हे मी जाणून आहे. त्यांवर आपल्या मंडळातील समव्यवसायी बंधुभगिनी माझ्याहून अधिक अधिकाराने लिहितील. मी यंदा एका निराळ्या रुग्णाची हकीकत सादर करीत आहे. हा रुग्ण वीतभर लांबीचा असून बारा व्होल्ट विजेवर चालतो.

माझे थोरले बंधू लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरीस होते. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ते पाहून आल्यापासून बंधूंना या छंदाने पछाडले. निवृत्तीनंतर तारनाक्याच्या घरात त्यांनी आठ फूट बाय चार फूट फळीवर रूळ, सांधे आणि एक बोगदा उभारला. इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, आणि दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. ते गेले, तरी वहिनींनी ती फळी हलवू दिली नाही. दर दिवाळीला नातवंडे जमली की गाडी चालविण्याचे काम माझ्याकडे आले.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दिवशी इंजिन बोगद्यापलीकडच्या वळणावर एकाएकी थांबले. सर्व मुले माझ्याकडे पाहू लागली. आणि चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या मी, कोणत्याही इंटर्नला करू दिली नसती अशी गोष्ट केली. हिस्टरी न विचारता, रुग्णास न तपासता, थेट शस्त्रक्रियेस हात घातला. स्क्रू काढले, मोटारीचे झाकण उघडले. त्याबरोबर कार्बन ब्रशमागची तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग उडाली ती दिसेनाशीच झाली. तोपर्यंत केवळ थांबलेले इंजिन आता खरोखरच निकामी झाले.

मुले उठून फटाक्यांकडे गेली. तेव्हा धाकटी नात म्हणाली, ‘‘आजोबा, ते सकाळीपण तिथंच दोनदा अडखळलं होतं. त्याचा दिवासुद्धा बारीक झाला होता.’’ संपूर्ण निदान या दोन वाक्यांत होते. मला ते कळले नाही, इतकेच.

ते का, हे समजण्यासाठी या गाडीचे शरीरशास्त्र थोडे पाहू. नियंत्रकातून निघालेली वीज एका रुळातून येते, त्या बाजूच्या चाकांत शिरते, चाकांना घासणाऱ्या पातळ पट्ट्यांतून मोटारीत जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळातून परतते. या रक्ताभिसरणात कोठेही अडथळा आला की इंजिन थांबते. हृदय म्हणजे मोटार. ती बहुधा निरोगीच असते. दोष प्रायः वाटेत असतो. रुळांवर जमलेली काळी पुटे, चाकांवरील मळ, वाकलेली पट्टी, रुळांच्या जोडावरील सैल फिशप्लेट, हे नेहमीचे गुन्हेगार होत.

म्हणून पहिला प्रश्न असा, की दिवा लागतो का? दिवा लागत असेल आणि चाके हलत नसतील, तर वीज इंजिनापर्यंत पोहोचते आहे. दोष मोटारीत किंवा दात्यांच्या चाकांत शोधावा. मोटार गुणगुणते पण चाके स्तब्ध, तर दाते तडकलेले असतात किंवा आसाभोवती गालिच्याचे धागे व केस गुंडाळलेले असतात. दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर रुळांकडे वळावे. दुसरे इंजिन त्याच जागी ठेवून पाहावे. तेही थांबले तर पहिले निर्दोष. उलट, थांबलेले इंजिन उचलून नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा दोन्ही बाजूंच्या चाकांना लावाव्यात. चाके फिरली तर इंजिन सुखरूप आहे. (डिजिटल पद्धतीच्या इंजिनांना ही बॅटरीची युक्ती लावू नये, त्यांच्या पोटात स्वतंत्र मेंदू असतो.) नियंत्रकावरचा तांबडा दिवा लागला असेल, तर रुळांवर आडवे पडलेले नाणे, टाचणी किंवा रुळावरून उतरलेला डबा आधी शोधावा. एवढे सारे स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता होते.

उपचारांविषयी आपल्या व्यवसायाला सोयीची एक गोष्ट सांगतो. रूळ पुसण्यासाठी इंजेक्शनपूर्वी वापरतो ते आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. सर्जिकल स्पिरिटच्या काही प्रकारांत एरंडेल असते, त्याचा थर मागे राहतो, ते टाळावे. पॉलिश पेपरचा मोह तर मुळीच नको. त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांत धूळ अधिकच बसते, आणि दख्खनच्या पठारावर धुळीला तोटा नाही. आसांना तेल इन्सुलिनच्या सुईने, थेंबापेक्षाही कमी द्यावे. वर्षभर कपाटात पडलेल्या इंजिनातले जुने तेल चिकासारखे घट्ट होते. ते पुसल्यावाचून नवे घालणे व्यर्थ.

रूळ आणि वीज यांचे हे नाते केवळ खेळण्यातले नव्हे. आमच्या तारनाक्यालगत भारतीय रेल्वेची सिग्नल व दूरसंचार अभियांत्रिकी संस्था १९५७ पासून आहे. तेथे शिकविला जाणारा ‘ट्रॅक सर्किट’ हा विषय याच तत्त्वावर उभा आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रुळांतून सौम्य प्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाके दोन रूळ जोडतात, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रुळांवर गंज चढला तर चाकांचा स्पर्श अपुरा पडतो, आणि उभी असलेली गाडी यंत्रणेला दिसतच नाही. आमच्या फळीवर त्याच दोषाने मुलांचा विरस होतो. तेथे प्राणांशी गाठ असते. बंधू हे नेहमी सांगत. मी ऐकत असे, पण कान देऊन नव्हे.

पंधरवड्याने वहिनींचा दूरध्वनी आला. केर काढताना चटईच्या काठात स्प्रिंग सापडली होती. त्यांनी ती कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात जपून ठेवली होती. मी भिंग लावून ती बसविली. इंजिन निघाले, बोगद्यातून बाहेर आले आणि त्याच वळणावर थांबले. या वेळी मात्र मी मल्टिमीटर काढला. थांबलेल्या इंजिनाला हात न लावता मोजले. नियंत्रकाजवळ रुळांत अकरा व्होल्ट, वळणावर जेमतेम पाच. मधल्या जोडावरची फिशप्लेट बोटाने हलत होती. ती चिमट्याने आवळली, जोडापलीकडे एक जादा तार डाखली, आणि गाडी धावू लागली.

वहिनी आतून एक वही घेऊन आल्या. बंधू त्या फळीची दुरुस्ती तारीखवार लिहून ठेवीत, हे मला ठाऊक नव्हते. शेवटच्या पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात एकच ओळ होती : ‘बोगद्यानंतरचे वळण, फिशप्लेट सैल. दिवाळीआधी पाहणे.’

त्याखाली मी तारीख घातली आणि ‘पाहिले’ असे लिहिले.