पिस्टन नसलेली मोटार
(द्वितीय वर्ष, कला – अर्थशास्त्र)

माझे वडील भोसरीतील एका लहान शेडमध्ये लेथवर काम करतात. तेथे इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड तयार होतात. इंजिनातील व्हॉल्व्ह ज्या छोट्या नळीतून वर-खाली होतो, ती नळी म्हणजे व्हॉल्व्ह गाइड. गेली पंचवीस वर्षे आबांनी ही नळी कातली. तिच्यावरच आमचे घर चालले व मी कॉलेजात आलो.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी विजेवर चालणारी मोटार घेतली. बॉनेट उघडले तेव्हा आबा बराच वेळ वाकून पाहत होते. मग त्यांनी मला विचारले, “यात व्हॉल्व्ह कुठं असतो रे?” मी म्हणालो, “नसतो, आबा.” ते काही बोलले नाहीत. प्रस्तुत लेख लिहावासा वाटला तो त्या प्रसंगामुळे.

बदल कोणता?

पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक चतुर्थांशच ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. बाकीची रेडिएटर व सायलेन्सरवाटे वाया जाते. विजेची मोटार बॅटरीतील बरीचशी ऊर्जा चाकांना देते. तिला पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच लागत नाही. आपली बरीच वीज अजून कोळशावर तयार होते, हा आक्षेप खरा आहे. तरीही शहरातील धूर कमी होतो व आयात खनिज तेलाची गरज घटते, हे लाभ नाकारता येत नाहीत.

भारतातील वाटचाल

आपल्याकडे हा प्रयत्न अगदी नवा नाही. बंगळूरची ‘रेवा’ ही छोटी विद्युत् मोटार २००१ साली बाजारात आली होती; परंतु ती फारशी खपली नाही. पुढे २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘फेम’ ही अनुदान योजना सुरू केली. २०१९ मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जानेवारी २०२० मध्ये टाटांची विजेवरील नेक्सॉन आली. आकुर्डीत जेथे पूर्वी चेतक स्कूटर तयार होई, त्याच जागी जून २०२२ मध्ये विजेच्या चेतकचा कारखाना उभा राहिला. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या दोन नव्या विद्युत् मोटारी चाकणला तयार होतात. म्हणजे हा बदल आमच्या अंगणातच घडतो आहे.

तथापि त्याची गती सर्वत्र सारखी नाही. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. दुचाकींत त्यांचे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास, तर मोटारींत जेमतेम दोन-तीन होते. त्यामुळे आबांचा लेथ आज थांबलेला नाही. तो कधी थांबेल, हे मात्र शेडमध्ये कोणी सांगू शकत नाही.

खर्च कोणाच्या खांद्यावर?

प्रथम वर्षाला आम्हाला ‘संरचनात्मक बेकारी’ शिकवली होती. उद्योगाची रचना बदलल्याने कामगाराचे कौशल्य निरुपयोगी ठरून येणारी बेकारी, ही व्याख्या मी पाठ करून परीक्षेत लिहिली आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. ती व्याख्या आपल्याच घरात डबा घेऊन कामावर जाते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली. मात्र सुटे भाग करणाऱ्या उद्योगसमूहास तीत प्रवेश हवा असेल, तर वार्षिक उलाढाल किमान ५०० कोटी रुपये असावी लागते. आमच्या शेडमध्ये सहा लेथ आहेत! मोठ्या कारखान्यास नवे तंत्र घेण्यासाठी मदत मिळते. त्याला माल पुरवणाऱ्या लहान शेडने मात्र स्वतःच्या बळावर बदलावे, अशी ही अपेक्षा आहे.

दुसरीकडे, नव्या मोटारीच्या किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा बॅटरीचा असतो व तिचे सेल आपण मुख्यतः परदेशातून, विशेषतः चीनमधून, आणतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या कारखानदारांची तारांबळ उडाली. तेलाचे परावलंबन सोडताना दुसरे परावलंबन पत्करणे शहाणपणाचे नाही. सेल येथे तयार झाले, तरच गेलेल्या कामाच्या जागी नवे काम उभे राहील.

लेथ टाकाऊ आहे काय?

माझ्या मते नाही. विजेच्या मोटरलाही शाफ्ट असतो, बेअरिंगची बैठक असते, गिअर असतात. इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची किंचितशी घरघरही ऐकू येते. म्हणून तेथे काम उलट अधिक काटेकोर लागते. मायक्रोमीटरवर शंभरावा भाग पारखणारा हात तेथेही हवाच आहे. कमी आहे ती नव्या ऑर्डरची, यंत्रासाठी परवडणाऱ्या कर्जाची आणि शिक्षणाची. आय.टी.आय.मध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. परंतु तो माझ्या वयाच्या मुलांसाठी. पन्नाशीच्या कामगाराला पगार न बुडवता, संध्याकाळी, मराठीतून शिकता येईल असे वर्ग औद्योगिक वसाहतीतच निघाले पाहिजेत. शिवाय बड्या कारखान्यांनी जुन्या भागांची मागणी कधी थांबणार, हे पुरवठादारांना काही वर्षे आधी कळवणे बंधनकारक करावे.

विजेच्या मोटारीला माझा विरोध नाही. भोसरीच्या चौकातील धूर आबांनीही पंचवीस वर्षे गिळला आहे. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. शाफ्टच्या परिच्छेदापाशी त्यांनी मला थांबवले व विचारले, “त्या शाफ्टचं ड्रॉइंग कुठं मिळेल?” ते मी शोधतो आहे.