शिफ्ट सुटल्यावरचा रस्ता

माझ्या डाव्या हासळीचं हाड भंडारा जिल्ह्यातल्या गोबरवाहीच्या रेल्वे फाटकावर मोडलं. 2014चा ऑगस्ट होता, फर्स्ट शिफ्ट करून मी सायकलने घरी निघालो होतो. मला कुणी धक्का दिला नाही, कुठला ट्रक अंगावर आला नाही. सोळा वर्षं रोज ओलांडलेले रूळ त्या दिवशी माझ्या पुढच्या चाकाखालून सटकले आणि मी डाव्या खांद्यावर आदळलो. डब्यातला उरलेला भात गिट्टीवर सांडला होता. उठायला गेलो तर डावा हात उचलेचना.

आज त्या रस्त्याने चिखल्याच्या खदानीत जाणारी बरीच नवी पोरं दिसतात. मोटारसायकली वाढल्या, पण सायकलवाले संपलेले नाहीत. ठेकेदाराकडे लागलेला पोरगा पहिली दोन वर्षं सायकलच चालवतो. मला जे हाड मोडून कळलं ते त्यांना ऐकूनच कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आमच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पावसाचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. चिखल्याची मॅंगनीजची खदान भूमिगत आहे. डोंगरी बुजुर्गच्या खदानीत काम उघड्यावर चालतं, तिथल्या माणसाला आभाळ दिसतं. आमचं तसं नाही. एकदा खाली उतरलो की वर ऊन आहे की मुसळधार पाऊस, काही कळत नाही. खाली बारा महिने तीच ओल आणि तोच दमट वास. दुसऱ्या शिफ्टची माणसं ओल्या केसांनी आली की समजायचं, वर पडतो आहे. किती पडला, केव्हापासून पडतो आहे, नाल्याला किती पाणी आलं, हे मात्र त्यांच्या केसांवरून कळत नाही. सकाळी जो रस्ता कोरडा सोडला तोच मनात धरून माणूस वर येतो. आठ तासांत अंगातली ताकद गेलेली असते, पोटात भूक असते आणि घराची ओढ असते. सकाळी जाताना मी कधीच पडलो नाही. दोनदा पडलो, दोन्ही वेळा घरी येताना.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं: वर आल्याबरोबर सायकलच्या कुलपाला हात लावू नका. पाच मिनिटं हजेरीघराच्या छपराखाली उभे राहा. तुमच्या गावच्या बाजूने आत्ताच आलेल्या माणसाला विचारा, नाल्यावरच्या बुटक्या रपट्यावरून पाणी आहे का, ट्रक कुठे फसलाय का. एक चहा होईपर्यंत डोळ्यांना उजेडाची सवय होते आणि रस्त्याची खबरही मिळते.

आता त्या दिवशी काय झालं ते. फाटकाच्या अलीकडे शंभरेक पावलांवर असताना गेटमन फाटक खाली घेऊ लागलेला दिसला. मालगाडी यायची होती. फाटक लागलं की वीस मिनिटं भिजत उभं राहावं लागणार, म्हणून मी पायडल मारलं. दोन रुळांच्या मध्ये पाण्याचं डबकं होतं. ते चुकवायला मी हँडल तिरपं केलं आणि तिरपाच रुळावर गेलो. वेग जास्त वाटला तेव्हा ब्रेक दाबला. ब्रेक लागलाच नाही आणि चाक रुळाच्या कडेने घसरत गेलं.

रूळ घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो. त्यावर पाण्याचा थर आला की टायरला धरायला काही उरत नाही. चाक सरळ आडवं गेलं तर क्षणभरात रूळ पार होतो. तिरपं गेलं तर चाक त्या गुळगुळीत लोखंडावर बराच वेळ राहतं, आणि रुळालगतच्या खाचेत उतरलं तर हँडल हातातून ओढलं जातं. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका जुन्या काकांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "बाबू, रुळाले तिरपा नोको जाऊ, सरळ आडवा काप." मी तेव्हा मान हलवली होती. आता मी रूळ आला की खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालत ओलांडतो. अर्धं मिनिट जातं. मोडल्या हाडापायी हात मात्र सहा आठवडे गळ्यात होता.

ब्रेकची गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती नीट सांगतो. माझी सायकल जुन्या घडणीची, दांडीच्या ब्रेकची, चकचकीत लोखंडी रिमची. अशा रिमवर पाणी चढलं की ब्रेकचं रबर पाण्यावरच घसरतं. चाक दोन-चार फेरे फिरून पाणी पुसलं गेलं की मग ब्रेक धरतो, पण तेवढ्यात सायकल कुठल्या कुठे गेलेली असते. बरा झाल्यावर मी क्वार्टरच्या मैदानावर करून पाहिलं. त्याच वेगात कोरड्या रिमने सायकल सहा पावलांत थांबली. बादलीभर पाणी ओतून पाहिलं तर वीस पावलं गेली. हे मी आधी का करून पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पावसात थांबायचं ठिकाण दिसलं की बरंच आधीपासून ब्रेक हलका हलका दाबत राहायचा, म्हणजे रिम पुसली जाते. जोराने दाबायची वेळ येईल तेव्हा रबर लोखंडाला धरेल. मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर आणि सांभाळून. पुढचा एकदम दाबला तर ओल्या रस्त्यावर पुढचं चाक बाजूला निसटतं.

आमच्या रस्त्यावर यात आणखी एक भर पडते. ट्रकमधून सांडलेला मॅंगनीजचा चुरा पावसात काळा रेंदा होऊन रस्ताभर पसरतो. हा चिखल शेतातल्या चिखलासारखा नसतो. मॅंगनीजच्या दगडातलं ब्रॉनाइट हे खनिज लोखंडापेक्षा कठीण असतं, शिवाय त्यात गारेचे कण असतात. हे कण ब्रेकच्या रबरात रुतून बसतात. मग प्रत्येक वेळी दाबताना रबर पॉलिश पेपरसारखं रिमला घासतं. माझ्या मोडक्या सायकलचे ब्रेक मिस्त्रीने काढून हातावर ठेवले तेव्हा रबरात काळी चमकदार खडी दिसत होती, आणि एका बाजूचं रबर झिजून लोखंडी कड बाहेर आली होती. साखळीचंही तेच. रेंदा भरलेल्या साखळीला वरून तेल घालणं म्हणजे चुऱ्याला तेल पाजणं. आधी धुवा, पुसा, मग दोन थेंब घाला. पावसाळ्यात घरी आल्यावर मी तांब्याभर पाण्याने रिम, ब्रेक आणि साखळी धुतो, फडक्याने पुसतो, रबरात रुतलेले कण खिळ्याने काढतो. पाच मिनिटांचं काम आहे. पाऊस चालू असेपर्यंत हे रोजचंच धरा.

त्या दिवशी माझ्या डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ होती. रोवणीला बांधीत वाकून काम करायला ती चांगली, पाठ कोरडी राहते. सायकलवर ती घातक. मान वळवली तरी खोळ वळत नाही, त्यामुळे बाजूचं दिसत नाही, आणि प्लास्टिकवर पावसाचा एवढा तडतडाट होतो की मागचा ट्रक ऐकू येत नाही. एका हातात छत्री धरून सायकल चालवणारे तर रोज दिसतात. त्यांना मी हात जोडतो. एका हाताने एकच ब्रेक दाबता येतो, आणि वाऱ्याने छत्री उलटली की माणूस रस्त्याच्या मधोमध जातो. टोपी डोक्याला दोरीने घट्ट बांधता येणारा रेनकोट घ्या, पिवळा किंवा नारिंगी. काळा, निळा घेऊ नका. पावसाच्या अंधारात ट्रकच्या काचेतून काळ्या रेनकोटातला माणूस काळ्या रस्त्यात मिसळून जातो. मागच्या मडगार्डवरची लाल काच रेंद्याने माखते, ती निघताना बोटाने पुसा.

आता रपट्याबद्दल. इथे हाड मोडण्यावर भागत नाही, जीव जातो. आमच्या बाजूला डोंगरातून येणारे नाले आहेत. त्यांचं पाणी तासाभरात चढतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन तासांत उतरतंही. माणूस बुडतो तो या दोन तासांच्या घाईत. आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणजे नाल्याला पाणी नाही, असं समजू नका, कारण पाऊस मागे डोंगरात पडून गेलेला असतो. आपल्या जिल्ह्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 2020च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला तो मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि तिकडच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने. भंडारा शहरातल्या वस्त्या पाण्यात गेल्या. वैनगंगा असो, बावनथडी असो, दोघी सिवनीकडून येतात. पाणी तिकडचं आणि बुडतो आपण.

एका संध्याकाळी मी रपट्यावर गुडघ्याच्या खालपर्यंतचं पाणी पाहून सायकल हातात धरून उतरलो होतो. चार पावलांतच कळलं की एकटा माणूस कदाचित निभावून नेईल, सायकलवाला नाही. चाकाचे आरे जाळ्यासारखे होतात. वाहून येणारं गवत, पळसाच्या फांद्या, पऱ्ह्यांच्या पेंड्या त्यात अडकतात आणि सगळा प्रवाह सायकलीला ढकलू लागतो. सायकल सुटू नये म्हणून माणूस तिला आणखी घट्ट धरतो आणि तिच्यासोबत कडेला सरकतो. पलीकडून कुणीतरी ओरडला, "सोड तिले, सोड!" मी सोडली आणि मागे फिरलो. सायकल दुसऱ्या दिवशी धुऱ्याला अडकलेली सापडली. तेव्हापासून माझा नेम असा आहे: रपट्याच्या कडेचे दगड पाण्यावर दिसत नसतील तर मी अलीकडेच थांबतो. गावात ओळखीचं घर असतंच, नसलं तरी देऊळ, शाळेचा व्हरांडा असतो. घरच्यांनाही सांगून ठेवलं आहे, पाऊस जास्त झाला तर रात्री वाट पाहू नका. हे आधीच ठरलेलं असलं की पाण्यासमोर उभं राहून मनात ओढाताण होत नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो. धानाच्या बांध्यांत मैलभर सपाट रान आणि त्यात सायकलवर उंच बसलेले तुम्ही एकटे. रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत. मोहाच्या झाडाखाली उभं राहणं तर सर्वांत वाईट. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, आसपास वीज पडण्याचा इशारा ते देतं.

पायांकडे कुणी लक्ष देत नाही. ओल्या पायावर गमबूट चढवून आठ तास खाली काढले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. तसल्या पायाने पायडलवर जोर देता येत नाही आणि पाय घसरतो. डब्याच्या पिशवीत एक कोरडं फडकं आणि कोरडे मोजे प्लास्टिकमध्ये बांधून न्या. गमबूट चढवण्याआधी बेचक्या कोरड्या करा, आणि बूट उलटा करून झटका, पावसाळ्यात त्यात विंचू-साप शिरून बसतात. सायकल चालवताना गमबूट किंवा नुसती चप्पल नको. मागून पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल चांगली, पाणी निथळतं आणि पाय सुटत नाही.

याच रस्त्याने सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर मुली शाळेत जातात, तिघी-तिघी शेजारी, गप्पा मारत. त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. योजनेतून सायकल मिळते, तिचं ब्रेकचं रबर दर पावसाळ्याला बदलणं आपलं काम. त्याला फार पैसे लागत नाहीत.

आता ज्या चुकीची खंत मला हाड मोडल्यापेक्षा जास्त आहे, ती सांगतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हटलं, अंगणात घसरलो. फाटक लागत असताना घुसलो हे सांगायची लाज वाटली, आणि कामावर कळलं तर बोलणी बसतील असंही वाटलं. कागदावर तेच लिहिलं गेलं. सहा आठवडे घरी बसलो, पदरच्या सुट्ट्या गेल्या, नंतर बिनपगारी. पुढे कुणी सांगितलं की कामावर येता-जाताना झालेल्या अपघाताचीही भरपाई मागता येते, तेव्हा माझ्या हातात माझाच खोटा कागद होता.

2025च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात निकाल दिला. 2003 साली पहाटे तीनच्या शिफ्टला निघालेला तो माणूस कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला होता. न्यायालयाने म्हटलं, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती पाहता त्या प्रवासाचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर तो अपघात कामाच्या ओघात झालेला धरावा, आणि त्याच्या घरच्यांची भरपाई कायम केली. निकाल यायला बावीस वर्षं लागली, पण आज तो आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे. म्हणून पडलात तर लाजू नका. सोबतच्या माणसाला साक्षीला ठेवा, त्याच दिवशी हजेरीबाबूंना कळवा, आणि दवाखान्याच्या कागदावर "कामावरून घरी येताना सायकलवरून पडलो" एवढे शब्द, तारीख आणि वेळेसकट, लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.