नोटेच्या पाठीवरचा डोंगर

कनवटीला किंवा खिशात वीस रुपयांची नोट असेल तर काढा. नवी, हिरवट-पिवळ्या रंगाची. गांधीजींचे चित्र आहे ती बाजू खाली करा. पाठीवर बारीक अक्षरांच्या पंधरा ओळी दिसतील. पंधरा भाषा आहेत त्या. वरून आठवी ओळ वाचा : ‘वीस रुपये’. ही आपली मराठी. अक्षर बारीक आहे, घाई करू नका.

आता शेजारचे चित्र बघा. ही वेरूळची लेणी. रिझर्व्ह बँकेने ही नोट २०१९ साली काढली. वेरूळ गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. तिथे डोंगराच्या कड्यात ३४ लेणी आहेत. बौद्धांची १२, हिंदूंची १७, जैनांची ५. त्यांत कैलास लेणे सर्वांत थोर. आपण घर बांधतो ते पायापासून वर. कैलास झाले ते उलटे. आधी कळस, मग भिंती, शेवटी जमीन. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वी, कारागीर काळा कातळ फोडत वरून खाली उतरले. दगडावर दगड रचलेला नाही. नको तेवढा काढून टाकला, राहिले ते देऊळ.

नोटा जमवण्याचा छंद पुष्कळांना असतो. कोणी वाघ-हत्तीच्या नोटा जमवतो, कोणी नुसत्या गुहा-डोंगरांच्या. या दुसऱ्या छंदात एक मौज आहे. दर नोटेला विचारावे लागते, हा डोंगर कोणी कोरला? माणसाने की पाण्याने?

पाणी कसले दगड कोरते, असे कोणी म्हणेल. मग घरी करून बघा. शेतातला चुनखडीचा खडा धुऊन घ्या. त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. आंबट रस चुनखडी खातो. काळ्या दगडावर पिळा, काही होणार नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेते आणि किंचित आंबट होते. चुनखडीच्या डोंगरात ते फटीफटींतून मुरते. हजारो, लाखो वर्षे दगड विरघळत जातो. आत गुहा होतात, बाहेर सुळके उरतात.

असे सुळके चीनच्या २० युआनच्या नोटेवर आहेत. खाली ली नदी, तिच्यावर बांबूचा तराफा. व्हिएतनामची नोट तर दोन लाखांची! दचकू नका. तिथला पैसा लहान आहे, आपल्या हजार रुपयांच्या आतच तिची किंमत भरते. ती कागदाची नाही, प्लॅस्टिकची आहे. तिच्यावर हालाँगचा उपसागर आहे. तिथे समुद्रात सुमारे १६०० लहानमोठी बेटे उभी आहेत, बहुतेक चुनखडीची. फिलिपाइन्स देशाने २०१० साली काढलेल्या ५०० पेसोंच्या नोटेवर पोर्तो प्रिन्सेसाची नदी आहे. ही नदी आठ किलोमीटरांहून जास्त अंतर डोंगराच्या पोटातून वाहते आणि थेट समुद्राला मिळते. लोक होडीत बसून, दिवा घेऊन तिच्यात शिरतात. मला विचाराल तर सगळ्यांत नवलाची नोट हीच.

अशा नोटा खेड्यात कुठून येणार? एखाद्याचा मुलगा जहाजावर असतो, कोणाची लेक परदेशी असते. त्यांच्याजवळ एखादी नोट उरलेली असते. ती वहीला खळीने चिकटवू नका. टाचणी नको, घडी नको. कोऱ्या पाकिटात सपाट ठेवा, वाळवीपासून आणि ओलीपासून जपा. पाकिटावर देशाचे नाव आणि चित्र कशाचे ते स्वतःच्या हाताने लिहा.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘तुमच्या जुन्या नोटेचे लाख रुपये देतो, आधी कमिशन भरा,’ असे फोन येतात. काही जण तर रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करतात. बँक असा व्यवहार करत नाही, कमिशनही घेत नाही. तिने २०२१ साली तसे जाहीर केले आहे. असा फोन आला तर पैसे पाठवू नका, खात्याचा नंबर सांगू नका. पैसे गेलेच असतील तर उशीर न करता १९३० या नंबरावर फोन करून तक्रार नोंदवा.