नानीचे पापलेट

आपले शहर नान-कलियाचे. लग्न असो, दावत असो, मोठ्या देगेत कलिया शिजला की गल्लीत सुगंध दरवळतो. मासा मात्र आपल्याकडे पाहुण्यासारखा येतो. पैठणच्या नाथसागरातले रोहू, कटला, मरळ आपण ओळखतो. समुद्राचा मासा ओळखणारी माणसे इथे थोडी, कारण मुंबईचा किनारा इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे.

ही गोष्ट 2006 सालची. मी तेव्हा आठवीत होते. त्या वर्षी पावसाळ्यात माझे नाना वारले. इद्दतचे दिवस संपल्यावर अम्मीने नानीला मुरूडहून आमच्या घरी आणले. नानीचे सारे आयुष्य समुद्राच्या काठावर गेले होते. इथे ती खिडकीपाशी बसून राही. ताट पुढे आले की दोन घास खाई आणि म्हणे, "पोट भरलं." दिवसेंदिवस तिच्या हातातल्या बांगड्या सैल होऊ लागल्या. अम्मी काळजीत पडली.

एके दिवशी अब्बा कामावरून येताना एक पुडके घेऊन आले. चेहऱ्यावर मोठा आनंद! "अम्मीजान, तुमच्या गावचा मासा आणलाय. पापलेट!" महिनाअखेर होती. त्या दोन माशांना त्यांनी दोनशे रुपये मोजले होते.

अम्मीने पुडके उघडले आणि ती गप्प झाली. वास माझ्याही नाकाला लागला. नानीने मासा हातात घेतला, अंगठ्याने कल्ल्यावरचे झाकण उचलले. आत लाल रंग नव्हता, चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी रंग होता. तिने पोटावर बोट दाबले. खड्डा पडला, तो तसाच राहिला.

"बेटा, तू आठवणीनं आणलंस, यातच माझं पोट भरलं," नानी म्हणाली, "पण हे खायचं नाही."

अब्बांचा चेहरा उतरला. "दोन-तीन पाण्यांनी धुऊ. मसाला जरा जास्त घालू. चालेल की!"

"मसाल्यानं वास झाकतो, खराबी जात नाही."

पापलेट फेकून द्यावे लागले. त्या रात्री अब्बाही नीट जेवले नाहीत. मला तेव्हा माशांपेक्षा त्यांचेच जास्त वाईट वाटले.

विद्यार्थी मित्रांनो, नानीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जीवाणू वाढू लागतात आणि ते या पदार्थाचे ट्रायमिथाइल अमाइन बनवतात. शिळ्या माशाचा उग्र वास येतो तो मुख्यतः याचा. रोहूसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत हा मूळ पदार्थ फारच कमी असतो. म्हणून आमच्या अब्बांना वाटले, की समुद्राच्या माशाला असाच वास येत असेल. ताज्या समुद्री माशाला खरे तर हलका, खारट, समुद्राच्या वाऱ्यासारखा वास येतो. पण ज्याने तो वारा घेतलाच नाही, त्याला हे कसे कळावे?

पुढच्या रविवारी नानी स्वतःच म्हणाली, "चला, मी येते बाजारात." आल्यापासून ती प्रथमच घराबाहेर पडत होती. अब्बा, मी आणि नानी सकाळी लवकर निघालो. रात्रभर प्रवास करून बर्फाच्या पेट्यांतून आलेला माल नुकताच उघडला जात होता.

नानी पहिल्या विक्रेत्यापाशी थांबली नाही, दुसऱ्यापाशीही नाही. सारा बाजार तिने एकदा नुसता चालून पाहिला. मग एका ठिकाणी बसली आणि म्हणाली, "पोरी, आधी डोळे बघ. आपल्याकडे कोण बघतं आणि कोण झोपलंय!" ताज्या माशाचा डोळा स्वच्छ आणि फुगीर असतो. शिळ्याचा डोळा धुरकट होतो, आत बसतो. मग तिने कल्ले दाखवले. पापलेटाची कल्ल्याची फट लहान असते, म्हणून अंगठ्याने उचलूनच पाहावे लागते. आत लाल किंवा गुलाबी रंग हवा. अंग चंदेरी, चकचकीत हवे. बोट दाबले की मांस लगेच वर यावे. पोट घट्ट असावे, फुटलेले नसावे. "मासा बर्फात पुरलेला असेल तिथंच घ्यायचा," ती म्हणाली. "वरून चार खडे ठेवलेत, तो फक्त दिखावा."

विक्रेत्याने तळहातापेक्षा लहान पापलेटे स्वस्तात देऊ केली. नानीने ती परत सारली. ही पिल्ले वाढून अंडी घालतील तेव्हाच समुद्रात पापलेट उरेल, हे मुरूडच्या त्या म्हातारीला पुस्तक न वाचता ठाऊक होते. पुढे 2023 साली महाराष्ट्र शासनाने चंदेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी पकडायच्या माशांचे किमान आकारमानही ठरवून दिले. पापलेटासाठी ते 135 मिलिमीटर आहे. ही बातमी वाचली तेव्हा मला नानीचा तो परत सारणारा हात आठवला.

शेजारच्या पाटीत एक विचित्र मासा होता. जिभेसारखा लांबट आणि चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला! मला हसू आले. नानी म्हणाली, "त्याला लेप म्हणतात. हसू नको, चवीला चांगला असतो." पापलेटही चपटे आणि लेपही चपटा, पण दोघांत मोठा फरक आहे. पापलेट पाण्यात उभे पोहते, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. लेप मात्र एका कुशीवर समुद्राच्या तळाशी पडून राहतो. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो इतर माशांसारखाच असतो. वाढताना त्याचा एक डोळा हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला येतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची होते, खालची पांढरी राहते. लेपाचे मांसही पांढरे आणि सौम्य चवीचे असते. शिजवण्यापूर्वी त्याची कातडी सोलून काढतात.

येथे भाषेची एक गंमत सांगते. उर्दूत मछली स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत मासा पुल्लिंगी, मासळी स्त्रीलिंगी आणि पापलेट नपुंसकलिंगी. तो मासा, ती मासळी, ते पापलेट! त्या दिवशी मी बाजारात "ती पापलेट" म्हटले आणि विक्रेता हसला. तुम्ही ही चूक करू नका.

घरी आल्यावर खरी घाई सुरू झाली. त्या काळी आमच्याकडे रोज काही तास भारनियमन असे, त्यामुळे फ्रिजवर भरवसा नव्हता. नानीने आधी माशाची आतडी आणि कल्ले काढून टाकले, कारण खराबी तिथूनच सुरू होते. मग मासा धुऊन, पुसून ती म्हणाली, "आजचा आज खाऊ. उद्याचा एकच ठेवू." तो एक तिने कोरड्या पिशवीत गुंडाळला. मोठ्या पातेल्यात चाळणी ठेवली, चाळणीत बर्फ, बर्फात मासा. वितळलेले पाणी खाली पडेल आणि मासा त्यात भिजत राहणार नाही, अशी ती युक्ती होती. घरात चांगला फ्रिज असला तरी मासा 4 अंश सेल्सियसच्या खालीच असावा आणि एक-दोन दिवसांत संपवावा. उणे 18 अंशांत गोठवला तर दोन-तीन महिने चांगला राहतो. मात्र एकदा वितळवलेला मासा पुन्हा गोठवू नये. वितळवायचा तोही ओट्यावर उघडा ठेवून नव्हे, तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

स्वयंपाकाबद्दल काय सांगू! आमच्याकडे माशाच्या सालनात चिंच, तीळ, खोबरे असते. नानीने त्यातले काहीच घेतले नाही. "सौम्य माशावर मसाल्याचा बोजा टाकू नये," ती म्हणाली. माशाला तिरप्या चिरा दिल्या. मीठ, हळद, थोडे तिखट, आले-लसणाचे वाटण आणि ट्रंकेतून काढलेल्या आमसुलांचा कोळ लावला. पंधरा-वीस मिनिटेच ठेवला. आंबट फार वेळ राहिले तर मांस भुसभुशीत होते. तांदळाच्या पिठात घोळवून तापलेल्या तव्यावर सोडला. मी दर मिनिटाला उलटायला जाई. तिने माझा हात धरला. "त्याला पाठ शेकू दे. तयार झाला की तो स्वतःच तवा सोडतो." मध्यम आकाराच्या माशाला एका बाजूला चार मिनिटे पुरली. आतले काचेसारखे मांस पांढरेशुभ्र झाले आणि मधल्या काट्यापासून सहज सुटू लागले.

दस्तरखान पसरला. पापलेटात बारीक काटे कमी; मधला मोठा काटा काढला की मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही निर्धास्त खाता येते. पण अब्बांना ते माहीत नव्हते. त्यांनी एक तुकडा घेऊन बोटांनी पुनःपुन्हा चाचपला, एकही काटा राहिला नाही याची खात्री केली आणि तो नानीच्या ताटात ठेवला. नानी काही बोलली नाही. तिने तो तुकडा भातासोबत खाल्ला. मग पदराने डोळे टिपले आणि अम्मीसमोर ताट सरकवून म्हणाली, "थोडा भात अजून वाढ."

शब्दार्थ

कल्ले – गलफडे. शिळा – बासी. भारनियमन – ठरावीक वेळी वीज बंद ठेवणे. आमसूल – कोकमाच्या फळाची वाळवलेली आंबट साल. कोळ – भिजवून, कुस्करून काढलेला रस. भुसभुशीत – सहज मोडणारे.

स्वाध्याय

1. अब्बांनी आणलेले पापलेट खराब आहे, हे नानीने कसे ओळखले?
2. "मसाल्यानं वास झाकतो, खराबी जात नाही." असे नानी का म्हणाली?
3. पापलेट आणि लेप यांच्यातील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
4. लिंग ओळखा : मासा, मासळी, पापलेट, बर्फ, चाळणी, पातेले.
5. तुमच्या घरी मासा कसा शिजवतात, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून मराठीत लिहा.